दोन इंची पाइप किती पाणी देतो?

बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातला केळीचा शेतकरी बोअरसाठी मोटर घ्यायला जातो तेव्हा डिलिव्हरी दोन इंची आहे एवढ्यावर तो पैसे मोजत नाही. बोअर किती फुटांचा, पाणी किती खाली, मोटर किती एचपीची, पंप किती स्टेजचा, त्या हेडवर, म्हणजे तेवढ्या उंचीवर, पाणी किती निघेल आणि तेवढ्यावर किती ठिबक चालेल, हे बोलून झाल्याशिवाय व्यवहार होत नाही. पाणी खोल गेलेल्या मुलखात पाइपाचे तोंड बघून पंप घेणाऱ्याची बाग पहिल्याच उन्हाळ्यात जाते. त्याच शेतकऱ्याचा मुलगा शहरात राउटर घ्यायला जातो तेव्हा मात्र एकच प्रश्न विचारतो: गिगाबिट आहे ना? खोक्यावर तसे छापलेले असते, दुकानदार मान हलवतो आणि व्यवहार पुरा होतो.

या प्रश्नामागची समजूत उथळ आहे. आणि कंपन्या सरसकट खोटे आकडे छापतात, ही तिच्या उलटची समजूतही तेवढीच उथळ आहे. पोर्टचा आकडा खरा असतो, पण तो तारेविषयी असतो. राउटर प्रत्यक्षात किती माहिती पुढे नेईल हे तीन गोष्टींवर ठरते: पॅकेट केवढे आहे, प्रत्येक पॅकेटवर किती काम करायचे आहे, आणि किती गळती व किती उशीर आपण चालवून घेणार आहोत. या तिन्हींचा उल्लेख नसेल तर थ्रूपुटचा कोणताही आकडा अर्धवट आहे. हेड न सांगता पाणी सांगणाऱ्या पंपासारखा.

१. पोर्टचा आकडा नेमके काय सांगतो

नेहमीच्या तांब्याच्या केबलमधून सेकंदाला १०० कोटी बिट पाठवण्याचे मानक आयईईई या संस्थेने १९९९ मध्ये पक्के केले. केबल खोचली की दोन्ही टोकांची यंत्रे आपसात ठरवतात की आपण दोघे या ठेक्यावर बोलू शकतो, आणि पोर्टवरचा दिवा लागतो. करार एवढाच. मिनिटाला एकच पॅकेट गेले तरी त्यातले बिट त्याच ठेक्यावर जातात. म्हणजे ‘गिगाबिट’ हे बोलण्याच्या ठेक्याचे नाव आहे. दिवसभरात किती बोलणे झाले, हे त्यातून कळत नाही.

या ठेक्यातूनही थोडी तूट वजा होते. इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमआधी ८ बाइटची सूचना आणि नंतर १२ बाइटची मोकळी जागा लागते, फ्रेमची स्वतःची वेष्टने १८ बाइटची, आतल्या पत्त्यांचे आणखी किमान ४०. तारेवर १५३८ बाइट जातात तेव्हा आपल्या कामाचे फार तर १४६० असतात. म्हणून गिगाबिट तारेवर फाइल उतरवताना सगळे उत्तम असले तरी साधारण ९४० ते ९५० एमबीपीएस दिसतात. टपालात पाकिटाचेही वजन धरतात, तसे हे आहे. त्यात बिट आणि बाइट यांचा घोळ मिसळला की गाऱ्हाणी सुरू होतात. १०० मेगाबिटच्या जोडणीवर संगणक १२.५ मेगाबाइटपेक्षा जास्त दाखवूच शकत नाही, कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. इथवर कुणाचाही दोष नाही.

दोष पुढच्या उडीत आहे. घरगुती राउटरच्या मागचे चार लॅन पोर्ट बहुधा एका स्विच चिपवर बसवलेले असतात. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवली तर ती चिप स्वतःच ती पोहोचवते आणि तारेचा ठेका जवळजवळ पूर्ण मिळतो. हे पाहून माणूस म्हणतो की राउटर गिगाबिटचा आहे. पण त्या वेळी राउटर राउटरचे काम करतच नव्हता. ते काम लॅनमधून बाहेर इंटरनेटकडे जाताना सुरू होते.

२. काम पॅकेटांच्या संख्येचे असते

राउटरला बिट मोजून थकवा येत नाही. त्याला प्रत्येक पॅकेट हातात घ्यावे लागते, पत्ता वाचावा लागतो, कुठे धाडायचे ते ठरवावे लागते. पॅकेट ६४ बाइटचे असो की १५१८ चे, हे काम जवळपास तेवढेच. सगळा हिशेब इथून पालटतो.

गिगाबिट तारेवर सर्वात मोठ्या फ्रेम पाठवल्या तर सेकंदाला सुमारे ८१ हजार बसतात. सर्वात लहान, ६४ बाइटच्या पाठवल्या तर १४ लाख ८८ हजार. तार तीच, ठेका तोच, काम अठरा पटींनी जास्त. सेकंदाला १०० कोटी ठोके असलेल्या प्रोसेसरला मोठ्या पॅकेटसाठी १२ हजारांवर ठोके मिळतात, लहानासाठी फक्त ६७२. तेवढ्यात ते पॅकेट मेमरीतून उचलायचे, तपासायचे आणि पुढे ठेवायचे.

आता सेकंदाला दीड लाख पॅकेट हाताळणारा राउटर कल्पून पाहा. मोठ्या पॅकेटांवर तो पूर्ण गिगाबिट सहज भरून काढतो. लहान पॅकेटांवर तोच राउटर १०० एमबीपीएसच्या आसपास थांबतो. चाचणीसाठी उद्योगात एक मिश्रण बरेच वापरले जाते: ४० बाइटची सात पॅकेट, ५७६ ची चार आणि १५०० चे एक. त्यावर हा राउटर साधारण ४५० वर येईल. मग हा राउटर १०० चा, ४५० चा की १००० चा? तिन्ही उत्तरे खरी आहेत.

बऱ्हाणपूरच्या यंत्रमागवाल्याला हे नव्याने शिकवावे लागणार नाही. मागाचा धोटा मिनिटाला किती फेऱ्या मारतो हा एक आकडा, आणि संध्याकाळी किती मीटर कापड उतरले हा दुसरा. धोट्याचा वेग तोच ठेवून इंचाला ४० पिकचे कापड विणले तर जेवढी लांबी निघते, तिच्या निम्मीच ८० पिकच्या कापडाची निघते. शिवाय ताण्याचा धागा तुटतो, कांडी संपते, वीज जाते. मागावर लिहिलेल्या वेगाला कुणी कापड समजत नाही. मजुरी उतरलेल्या कापडावर मिळते.

लहान पॅकेट ही प्रयोगशाळेपुरती अडचण आहे असेही कुणी समजू नये. इंटरनेटवरून होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या एका फोन कॉलमध्ये दर दिशेला सेकंदाला ५० पॅकेट जातात, प्रत्येकी २०० बाइटचे. मोठी फाइल उतरवतानाही उलट्या दिशेने ‘पोहोचले, पोहोचले’ अशा पोचपावत्यांची लहान पॅकेट सतत जात असतात, साधारणपणे दोन मोठ्यांमागे एक. उतरवण्याचा वेग मोजणाऱ्याला ती दिसत नाहीत. राउटरला मात्र त्यातले प्रत्येक हाताळावे लागते.

३. एका पॅकेटमागे किती काम

इथे पंपाचे हेड येते. घरातल्या दहा उपकरणांना बाहेर मिळून एकच पत्ता असतो, म्हणून राउटरला प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता बदलून लिहावा लागतो आणि कुणाचे उत्तर कुणाला द्यायचे याची वही ठेवावी लागते. यालाच नॅट म्हणतात. मग फायरवॉलचे नियम: एकेक ओळ वाचून या पॅकेटला वाट द्यायची की नाही ते ठरवायचे. कुठे जोडणी करताना नाव-पासवर्ड मागणारी पीपीपीओई पद्धत, तिचे आणखी एक वेष्टन. कुणाला किती वाटा द्यायचा याची रांग. आणि व्हीपीएन असेल तर प्रत्येक बाइटवर कुलूप लावणे आणि काढणे. त्यासाठीची खास सोय प्रोसेसरमध्ये नसेल तर गिगाबिट पोर्टांचा राउटर दोन आकडी एमबीपीएसवर उतरलेला मी पाहिला आहे.

या गोष्टी व्यवसायाने जाणणारे लोक दोन आकडे वेगळेच ठेवतात. सिस्कोच्या आयएसआर ४३२१ या कार्यालयीन राउटरला गिगाबिट पोर्ट होते आणि त्याची जाहीर कामगिरी ५० एमबीपीएस होती. जादा परवाना घेतला की १००. कंपनीने हे लपवले नव्हते, उत्पादनाच्या माहितीपत्रकात छापले होते. लॅटव्हियाची मायक्रोटिक ही कंपनी तर आपल्या राउटरांचे चाचणीचे तक्तेच देते: ६४, ५१२ आणि १५१८ बाइटची पॅकेट, नियमांशिवाय आणि फायरवॉलचे २५ नियम लावून. त्या तक्त्यात एकाच यंत्राच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांत केवढी दरी आहे ते पाहावे. असा तक्ता वाचलेला माणूस ‘गिगाबिट आहे ना’ हा प्रश्न पुन्हा विचारत नाही.

यावर सांगितले जाते की आताच्या चिपमध्ये हे काम हार्डवेअरच करते, प्रोसेसरला शिवावेच लागत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि स्वस्त राउटर आज ९०० च्या वर जातात ते याच सोयीमुळे. पण ही सोय ओळखीच्या, सरळ वाहणाऱ्या जोडण्यांसाठी असते. नव्या जोडणीचे पहिले पॅकेट प्रोसेसरकडेच जाते. रांगेचे चांगले व्यवस्थापन चालू केले, प्रत्येकाच्या वापराचा हिशेब ठेवायला सांगितले किंवा व्हीपीएन लावले की बहुतेक घरगुती राउटरांत ही आडवाट बंद होते आणि सगळी वाहतूक पुन्हा प्रोसेसरच्या दारात येते. म्हणजे खोक्यावरचा आकडा राउटरच्या सर्वात कमी कामाच्या वेळचा असतो.

४. हवेतला आकडा

वाय-फायबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथली फसगत जास्त ढोबळ आहे. खोक्यावर ‘एसी १२००’ लिहिलेले असते. हे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज करून वर गोल केलेले आहे. एक फोन एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ती बेरीज कुणालाच मिळत नाही. हवेत एका वेळी एकानेच बोलायचे असते. वाट पाहणे, पोचपावती, पुन्हा पाठवणे यांत वेळ जातो आणि जोडणीचा जो वेग दिसतो त्याचा निम्मा ते दोन तृतीयांश हाती आला तर चांगले. जुन्या शहरातल्या वाड्यांच्या जाड विटा-चुन्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ पट्टा किती पोहोचतो, ते तिथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. आणि अशा ‘१२००’ च्या कितीतरी राउटरांना मागचे पोर्ट १०० चे असतात! हवेत काहीही मिळो, बाहेरचे इंटरनेट ९४-९५ च्या वर जाऊच शकत नाही. इथे मात्र पोर्टचा आकडा वाचायलाच हवा, कारण तो कमाल मर्यादा सांगतो. पोर्टच्या आकड्याचा खरा उपयोग हाच: याहून जास्त मिळणार नाही, एवढे तो खात्रीने सांगतो.

५. भुयार रुंद आहे, झिरपा किती?

वाहणे ही सबंध वाटेची गोष्ट आहे हे समजायला बऱ्हाणपूरकराला लांब जावे लागत नाही. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना १६१५ मध्ये तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या आखणीवरून शहरासाठी भूमिगत पाण्याची योजना झाली. तिचा कुंडी भंडारा आजही वाहतो आणि २०२४ मध्ये त्याचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. सातपुड्याकडून तापीकडे उताराने येणारे भूजल अडवायचे, भुयारातून नुसत्या उतारावर शहराकडे आणायचे आणि वाटेत हवा-उजेडासाठी व गाळ काढण्यासाठी ठरावीक अंतरावर कुंड्या ठेवायच्या. भुयार एवढे की माणूस आत चालतो. पण पाणी किती येईल हे भुयाराच्या रुंदीवर कधीच ठरले नाही. डोंगरात किती मुरले, भिंतीतून किती झिरपले आणि भिंतींवर साचणाऱ्या चुन्याच्या थरांनी किती वाटा बुजवल्या, यावर ते ठरते.

आपल्या घरी येणारी फायबरही सामाईक असते. जीपॉन पद्धतीत एका धाग्यावर खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. पलीकडचा सर्व्हर लांब असेल तर अंतरही वेग खाते. पोचपावतीची वाट न पाहता पाठवता येणारी माहिती ६४ किलोबाइटपुरतीच असेल आणि जाऊन येण्याला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर तार कितीही जाड असो, एका जोडणीला १०.५ एमबीपीएसच मिळतात. ही मर्यादा वाढवण्याची सोय १९९२ मध्ये मानकात आली, तरी गणित आजही तेच आहे. राउटर हा या वाटेतला एक टप्पा आहे. तो अरुंद असेल तर सगळे अरुंद. तो रुंद असून पुढचा टप्पा अरुंद असेल तर राउटर बदलून काही मिळत नाही.

आक्षेप पहिला: घरात १०० चा प्लॅन आहे, एवढे कशाला?

१०० चा प्लॅन, चार फोन आणि एक टीव्ही असेल तर आजचा कुठलाही बरा राउटर पुरतो, हे मान्य. त्या घराने गिगाबिटच्या नावावर जास्त पैसे घालवू नयेत, हा तर माझ्याच युक्तिवादाचा निष्कर्ष आहे.

पण त्या घरालाही एक त्रास होतो आणि तो वेगाच्या आकड्यात दिसत नाही. कुणी फोनवरचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावतो आणि दुसऱ्या खोलीतला ऑनलाइन वर्ग अडखळतो. राउटरजवळ किंवा पुढच्या टप्प्यावर १ मेगाबाइटची रांग भरली आणि वर जाण्याचा वेग १० एमबीपीएस असला, तर शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावे लागते. बोलणाऱ्याला ते असह्य होते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे लक्ष वेधले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवायची एक पद्धत मांडली. ती पद्धत चालवायला राउटरकडे ताकद लागते, आणि तीच चालू केल्यावर हार्डवेअरची आडवाट बहुधा बंद पडते. घराला हवे असते ते ‘वर्ग न अडखळता किती एमबीपीएस’, आणि हा आकडा कुठेच छापलेला नसतो. शाळेची संगणक खोली, दवाखाना, व्हीपीएनवरून हिशेब पाहणारे मागाचे कार्यालय यांच्यासाठी तर हाच पहिला प्रश्न आहे.

आक्षेप दुसरा: स्पीड टेस्टवर पूर्ण आकडा येतो

येतो, कारण ती चाचणी मोठी पॅकेट वापरते, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि जवळचा सर्व्हर निवडते. दूरसंचार नियामक ट्रायचे मायस्पीड अॅप २०१६ पासून आहे. जोडणी कशी आहे हे नागरिकाला कळावे म्हणून ते चांगलेच. पण अशी चाचणी सबंध वाट एकदम मोजते. आकडा कमी आला तर दोष कुणाचा ते सांगत नाही, आणि पूर्ण आला तरी फायरवॉल, व्हीपीएन आणि शंभर लहान जोडण्या असताना काय होईल तेही सांगत नाही. सरकारी व्याख्याही तारेवरच थांबते: २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस, २०२३ पासून २ एमबीपीएस. तिच्यात उपकरणाच्या क्षमतेविषयी शब्द नाही.

खरे तर थ्रूपुट या शब्दाला नेमका अर्थ देऊन झाला आहे. हार्वर्डचे स्कॉट ब्रॅडनर यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या आरएफसी १२४२ या दस्तऐवजानुसार, यंत्राकडून एकही फ्रेम गळणार नाही असा सर्वात मोठा दर म्हणजे थ्रूपुट. तो कसा मोजायचा ते १९९९ च्या आरएफसी २५४४ ने सांगितले: ६४ पासून १५१८ बाइटपर्यंत सात आकारांच्या फ्रेम, प्रत्येकीचा वेगळा आकडा. मोजमाप तयार असताना खोक्यावर फक्त तारेचा ठेका छापायचा, ही सवय आपण सगळ्यांनी मिळून चालवली आहे.

आक्षेप तिसरा: ग्राहकाला एवढे आकडे झेपणार नाहीत

हा आक्षेप मला सर्वात जास्त खुपतो. पाणबुडी पंपाच्या पाटीवर एचपी, हेड आणि डिस्चार्ज शेजारीशेजारी असतात, आणि ती पाटी वाचणाऱ्यांत शाळा अर्ध्यावर सोडलेले शेतकरी आहेत. हेड वाढले की पाणी घटते, हे त्यांना आलेख न पाहता कळते, कारण चुकीची किंमत त्यांनी मोजलेली असते. फ्रिजवरचे तारे २००६ पासून घरोघरी वाचले जातात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता आणि दर्जा यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. राउटरची क्षमता म्हणजे त्याच्या पोर्टची क्षमता नव्हे, हे एकदा मान्य केले की पाटीवर काय हवे ते उघड आहे: नॅट आणि फायरवॉल चालू असताना लहान, मिश्र आणि मोठ्या पॅकेटांवरचे तीन आकडे, रांगेचे व्यवस्थापन चालू असतानाचा एक, व्हीपीएनचा एक, आणि पूर्ण भाराखाली किती मिलिसेकंद उशीर वाढतो, तो एक.

तोपर्यंत

तोपर्यंत शाळा, दवाखाने आणि कार्यालये यांनी राउटर घेण्याआधी तासभर मोजून पाहावे. गिगाबिट पोर्टचे दोन लॅपटॉप आणि दोन केबल लागतात. आयपर्फ३ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आधी दोन्ही लॅपटॉप एकमेकांना थेट जोडून ते स्वतः किती पॅकेट पेलतात ते पाहावे, नाहीतर लॅपटॉपची उणीव राउटरच्या माथी बसते. मग राउटर मध्ये घालावा, एक लॅपटॉप वॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, दुसरा लॅनच्या. मोठ्या पॅकेटांवर मोजावे, लहानांवर मोजावे, नंतर जे नियम रोज चालू राहणार आहेत ते लावून पुन्हा मोजावे. मोजणी चालू असताना दुसऱ्या खिडकीत पिंग चालू ठेवावे म्हणजे उशीरही दिसतो. आलेले आकडे, तारीख आणि फर्मवेअरची आवृत्ती राउटरच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवावी, आणि फर्मवेअर बदलले की हे सगळे पुन्हा करावे, कारण नव्या आवृत्तीत हार्डवेअरची आडवाट कधी उघडते, कधी बंद होते, आणि पोर्टवरचा दिवा दोन्ही वेळा तसाच लागलेला असतो.